‘तिला कुठेही चालेल’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा यावल तालुक्यातील असून गेली सहा वर्षे पत्नी व मुलीसह जर्मनीत म्युनिक येथे राहतो. मी यांत्रिकी अभियंता आहे आणि दोन वर्षांपूर्वी मला येथील कायमस्वरूपी निवासाचा परवाना मिळाला. मुलगी नऊ वर्षांची असून तिसरीत शिकते. ७४ चौरस मीटरच्या घरासाठी आम्ही दरमहा १,७०० युरो मूळ भाडे भरतो. हीटिंग आणि पाण्याचा खर्च वेगळा. पगाराचा मोठा वाटा त्यातच जातो आणि येथे स्वतःचे घर घेण्याचा विचारसुद्धा करवत नाही. आता लाइपझिगमधील एका कारखान्याने मला नोकरी देऊ केली आहे. पद वरचे आहे, पगार मात्र वर्षाला ८२ हजार युरोंवरून ७० हजारांवर येईल. तेथे आजच्यापेक्षा मोठे घर १,००० युरोंत मिळते, म्हणजे महिन्याला ७०० युरो वाचतील आणि त्यातून गावाकडे दोन-तीन एकर केळीची जमीन घेता येईल, असा माझा हिशेब आहे. माझी पत्नी बी. फार्म. असून लग्नाआधी तिने जळगावात एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम केले होते. सध्या ती येथील एका औषधदुकानात अर्धवेळ मदतनीस आहे आणि फार्मासिस्ट म्हणून मान्यता मिळावी यासाठी तिचा अर्ज चालू आहे. तिला कुठेही चालेल. मुलगीही लहान आहे, रुळेल. माझ्या शंका दोनच आहेत. पूर्व जर्मनीत परदेशी माणसांना त्रास होतो असे ऐकतो, ते कितपत खरे? आणि वडील म्हणतात, ‘एवढ्या लांब गेलास, जम बसला, आता पुन्हा बिऱ्हाड कशाला हलवतोस?’ त्यांना काय सांगावे? कारखान्याला तीन आठवड्यांत उत्तर द्यायचे आहे.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले. भाडे, पगार आणि जमीन यांचा हिशेब तुम्ही आकड्यांनिशी मांडला आहे, वडिलांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत दिले आहे. पत्नीचे मत मात्र तीन शब्दांत उरकले आहे. ‘तिला कुठेही चालेल’ हे ती स्वतः म्हणाली, की तुम्ही तिच्या वतीने लिहिले, हे पत्रावरून कळत नाही. तुम्ही विचारलेल्या दोन्ही शंकांची उत्तरे मी देणार आहे, परंतु न विचारलेली ही तिसरी गोष्ट मला त्या दोन्हींपेक्षा मोठी वाटते, म्हणून आधी तिच्याकडे वळते.

आपल्या खानदेशात हे वाक्य बाईचा गुण म्हणून सांगितले जाते. मुलगी दाखवतानाच ‘आमची पोर कुठंही रमेल’ असे म्हटले जाते, आणि पुढे ती मुलगीही तेच म्हणू लागते. मीसुद्धा म्हटले होते. २००९ साली माझ्या यजमानांना श्टुटगार्टहून हांबुर्गला जाण्याची संधी आली, तेव्हा मी भाजी चिरता चिरता एका वाक्यात होकार दिला. श्टुटगार्टमध्ये माझी चार वर्षे झाली होती. जर्मन भाषेचा वर्ग होता, पाव घ्यायला गेले की न सांगता नेहमीचा पाव कागदात गुंडाळून देणारी बेकरीतली बाई होती, आणि खालच्या मजल्यावर एक तुर्की शेजारीण होती, जिच्या बाल्कनीतला पुदिना माझ्याकडे येई आणि माझी तिखट चटणी तिच्याकडे जाई. हे सारे मी त्या चार वर्षांत एकेक करून जोडले होते, आणि होकार देताना यांतले काहीही हिशेबात धरले नव्हते. हांबुर्गच्या पहिल्या हिवाळ्यात वाणसामानाच्या दुकानातला मुलगा पैसे घेऊन विचारायचा, ‘पावती हवी का?’ आणि मी म्हणायची, ‘नको, धन्यवाद.’ फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले, की दिवसभरात घराबाहेर माझ्या तोंडून निघालेले शब्द तेवढेच होते आणि त्याच्या आदल्या दिवशीही तेवढेच होते. यजमानांना नव्या शहरात कचेरी आयती मिळाली होती, मुलाला शाळा आयती मिळाली होती. सोबत आलेल्या माणसाला असे काहीच आयते मिळत नाही.

तुमच्या पत्नीच्या बाबतीत प्रश्न एकटेपणाचाच नाही, तिच्या पेशाचा आहे. जर्मनीत फार्मासिस्टला कायम परवाना, ज्याला तेथे ‘आप्रोबात्सिओन’ म्हणतात, देण्याचे काम केंद्र सरकार करत नाही. ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याचे कार्यालय ते करते. युरोपीय संघाबाहेरची पदवी असेल तर आधी ती जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहिली जाते, फरक आढळला तर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते, आणि औषधशास्त्राच्या जर्मन भाषेची स्वतंत्र परीक्षा राज्याच्या फार्मासिस्ट मंडळाकडे असते. तुमच्या पत्नीची फाइल आज बव्हेरियात आहे. लाइपझिग सॅक्सनी राज्यात येते. अर्ज अर्धवट असताना राज्य बदलले, तर फाइल दुसऱ्या कार्यालयाकडे जाते, कागद पुन्हा तपासले जाऊ शकतात आणि रांगेतला नंबर गेला तो गेला. परीक्षेआधी काम करता यावे म्हणून दिला जाणारा तात्पुरता परवाना असेल, तर तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि ठरावीक कामापुरता व ठरावीक जागेपुरता मर्यादित असू शकतो. याउलट एकदा कायम परवाना हाती पडला, की तो सोळाही राज्यांत चालतो आणि मग लाइपझिगच काय, रोस्टोकमध्येही तिला काम करता येईल. त्यामुळे तिची फाइल कोणत्या टप्प्यावर आहे, भाषेच्या परीक्षेची तारीख मिळाली आहे का, आणि बव्हेरियात दिलेली परीक्षा सॅक्सनीचे कार्यालय कशी ग्राह्य धरते, ही तीन उत्तरे आधी मिळवा. तिसरे उत्तर सॅक्सनीच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. फोनवरच्या ‘बहुधा हो’वर एवढा मोठा निर्णय टाकू नये.

आता तुमचा पैशांचा हिशेब. भाड्यात महिन्याला ७०० युरो वाचतात हे खरे, परंतु पगार वर्षाला १२ हजारांनी घटतो, ते या हिशेबात धरलेले दिसत नाही. कर आणि निवृत्तिवेतन-बेकारी विम्याची वर्गणी वजा जाता त्या १२ हजारांपैकी निम्म्याहून थोडी अधिक रक्कम तुमच्या हाती येत असते. म्हणजे हातात येणारा पगार महिन्याला सुमारे ६०० युरोंनी कमी होईल. राहिले १०० युरो. त्यातून पत्नीची अर्धवेळ नोकरी सुटली, तर शिल्लक उणे होते. तीच पत्नी वर्षभरात पूर्णवेळ फार्मासिस्ट झाली, तर तिचा पगार तुमच्या या सगळ्या बचतीच्या कितीतरी पट असेल. नुसता पैशांचा विचार केला, तरी तुमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू तिची ती अर्धवट फाइल आहे.

जमिनीबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवते, कारण आपल्याकडची बरीच मंडळी यात अडकतात. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकाला भारतात घर किंवा दुकान घेता येते, परंतु शेतजमीन, मळ्याची जमीन वा फार्महाउस विकत घेता येत नाही. पुढे जर्मन नागरिकत्व घेतले, तर भारतीय नागरिकत्व जाते, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड काढले तरी शेतजमिनीबद्दलचा हा निर्बंध तसाच राहतो. वडिलार्जित जमीन वारसाने तुमच्याकडे येऊ शकते, त्याला आडकाठी नाही. तेव्हा लाइपझिगच्या बचतीतून केळीची बाग विकत घ्यायची, ही कल्पना आताच बाजूला ठेवा आणि त्या पायावर निर्णय उभा करू नका.

मुलगी लहान आहे, रुळेल, हेही मला अर्धेच पटते. मुले रुळतात, पण केव्हा हलवतो यावर बरेच अवलंबून असते. जर्मनीत शालेय शिक्षण हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कारभार आहे. बव्हेरिया आणि सॅक्सनी या दोन्ही राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि पाचवीपासून मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. बव्हेरियात चौथीच्या वर्षी मे महिन्यात मिळणाऱ्या गुणपत्रकात जर्मन, गणित व परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तर मुलाला गिमनाझियमची, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेची, वाट खुली होते. तेथे १ ही श्रेणी सर्वोत्तम असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. सॅक्सनीत शाळेची शिफारस चौथीच्या मध्यावरच हाती येते, तिच्यासाठी सरासरी २.० लागते, परंतु ती पालकांवर बंधनकारक नसते. चाचणी आणि शिक्षकांशी बोलणे झाल्यावर पालक वेगळा निर्णय घेऊ शकतात. गिमनाझियमची वर्षेही सारखी नाहीत, बव्हेरियात ती नऊ आहेत आणि सॅक्सनीत आठ. आता कल्पना करा, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात चौथी सुरू असताना तुम्ही मुलीला उचलून नेता आणि ज्या शिक्षिकेने तिला जेमतेम आठ आठवडे पाहिले आहे, तिने तिची शिफारस लिहायची. तुमच्यापुढे असलेल्या सगळ्या तारखांत ही सर्वांत वाईट आहे. चौथी पूर्ण करून पुढच्या उन्हाळ्यात गेलात, तर पाचवीच्या वर्गात सगळीच मुले नवी असतात आणि आपल्या मुलीचे नवेपण त्यांच्यात मिसळून जाते. एक लक्षात ठेवा, बव्हेरियाची उन्हाळी सुटी उशिरा लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, सॅक्सनीत शाळा त्याआधीच उघडते. शिवाय पाचवीच्या प्रवेशाची नोंदणी उन्हाळ्याच्या बरीच आधी होते. त्यामुळे पुढच्या वर्षी जायचे ठरले, तरी शाळा शोधण्याचे काम याच हिवाळ्यात करावे लागेल.

तुम्ही केळीच्या पट्ट्यातले आहात. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडची लागवड) लावायची की कांदेबाग (पावसाळा सरतानाची लागवड), हे रोपे शेतात येण्याआधी ठरलेले असते आणि चुकीच्या हवेत लावलेल्या रोपाला नंतर कितीही पाणी-खत दिले तरी ते मागेच राहते, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. तुमच्या प्रश्नात मला ‘जावे की न जावे’ यापेक्षा ‘केव्हा जावे’ हाच भाग महत्त्वाचा दिसतो, आणि माझे मत असे आहे, की कुटुंबाने पुढच्या उन्हाळ्यात जावे, त्याआधी नाही. पत्नीच्या परवान्याला त्यामुळे एक पूर्ण वर्ष मिळते आणि मुलीची चौथी एका जागी पार पडते.

कारखाना वर्षभर थांबणार नाही, असे तुम्ही म्हणाल. तीन आठवड्यांत उत्तर द्यायचे म्हणजे तीन आठवड्यांत रुजू व्हायचे असे नाही. जर्मनीत वरच्या पदांच्या करारात तीन महिन्यांची सूचना सर्रास असते, त्यामुळे नवा मालकही काही महिने धरूनच चालतो. रुजू होण्याची तारीख शक्य तितकी पुढची मागा, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येईल का ते विचारा, आणि जे मिळेल ते करारात लिहून घ्या. उरलेले महिने तुम्ही एकट्याने लाइपझिगला खोली घेऊन काढू शकता. २०१७ च्या डिसेंबरात न्युरेंबर्ग-एरफुर्ट मार्गावरील नवी जलद रेल्वे सुरू झाल्यापासून म्युनिक ते लाइपझिग हा प्रवास थेट गाडीने सव्वातीन तासांच्या आसपासचा झाला आहे. नोकरीसाठी दुसरे बिऱ्हाड करावे लागले, तर त्या घराचा महिना १,००० युरोंपर्यंतचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो. तेवढे पैसे परत मिळत नाहीत, त्यांवरचा कर वाचतो, हे ध्यानात असू द्या. हा मार्ग सुखाचा आहे असे मी म्हणणार नाही. भुसावळच्या रेल्वे कुटुंबांत वडील एका स्टेशनवर आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी, अशी वर्षे निघाली आहेत, आणि त्या वर्षांचे ओझे कोणी उचलले हे त्या घरांतल्या आयांना विचारावे. म्हणूनच हा पर्यायसुद्धा पत्नीसमोर विचारासाठी ठेवा, आधीच ठरवून तिला नुसता कळवू नका.

तुमच्या निवासाच्या परवान्याची काळजी नको. कायम परवाना देशभर चालतो, नव्या गावी फक्त पत्ता नोंदवायचा असतो आणि तो घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, घरमालकाचे लेखी पत्र जोडून नोंदवावा लागतो. नागरिकत्वाचा अर्ज भरला असेल, तर तो नव्या शहराच्या कार्यालयाकडे जातो आणि तेथील वेग वेगळा असू शकतो.

घर सोडण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. भाडेकरूने तीन महिन्यांची सूचना द्यायची असते आणि ती कागदावर, सही करून. ईमेल चालत नाही. आपल्या जागी तीन नवे भाडेकरू आणून उभे केले की लगेच सुटका होते, ही आपल्या लोकांत पसरलेली समजूत खरी नाही. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते, म्हणजे तुमच्या बाबतीत ५,१०० युरोंपर्यंतची रक्कम घरमालकाकडे असेल आणि तेवढ्यात लाइपझिगच्या घरासाठीही अनामत भरावी लागेल. श्टुटगार्टचे घर सोडताना आम्ही किल्ल्या देऊन मोकळे झालो, खोलीगणिक पाहणी करून दोघांच्या सह्यांचा कागद केला नाही. स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर तीन गोल ठसे होते. दोन आमच्या आधीपासूनचे, आणि एक माझ्या लोखंडी खलबत्त्याचा, जो मी जळगावहून कपड्यांत गुंडाळून नेला होता आणि ज्यात रोज लसूण-मिरची कुटली जाई. घरमालकाने तिन्ही ठसे आमच्या नावावर मांडले आणि पूर्ण अनामत अकरा महिने अडकवून ठेवली. आधीच्या दोन ठशांचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तुम्ही आजच, घर सोडायचे ठरो वा न ठरो, प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा. लाइपझिगला घर पाहताना स्वयंपाकघर बसवलेले आहे का ते विचारा, कारण तेथे रिकामी घरे पुष्कळदा ओटा, सिंक आणि शेगडीशिवायच मिळतात आणि त्याचा खर्च हजारांत जातो. नोकरीसाठी स्थलांतर झाल्यास सामान हलवण्याचा खर्च करविवरणात दाखवता येतो, त्याच्या पावत्या जपा.

आता तुमची पहिली शंका. ती तुम्ही संकोचून विचारली आहे, पण संकोचाचे कारण नाही. सॅक्सनीत स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या राजकारणाला मोठा पाठिंबा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अशी भूमिका घेणाऱ्या एएफडी पक्षाला तेथे ३० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. हे लपवून मी तुम्हाला तेथे धाडणार नाही. त्याचबरोबर लाइपझिग शहराचा स्वभाव आसपासच्या लहान गावांपेक्षा वेगळा आहे. सहा लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर आहे, १४०९ साली स्थापन झालेले विद्यापीठ तेथे आहे, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांचा राबता आहे, आणि ९ ऑक्टोबर १९८९ रोजी सुमारे ७० हजार माणसे तेव्हाच्या पूर्व जर्मनीतील साम्यवादी राजवटीविरुद्ध याच शहराच्या रस्त्यांवर शांतपणे चालली आणि बंदुका चालल्या नाहीत, हा त्या शहराच्या अभिमानाचा दिवस आहे. माणूस एवढ्या माहितीवर राहायला जात नाही. तुम्ही तिघे मिळून चार दिवस तेथे जा, आणि उन्हाळ्यात तळ्याकाठी गर्दी असते तेव्हा जाऊ नका, नोव्हेंबरात जा. ज्या वस्तीत घर घ्यायचे तेथून पत्नीने संध्याकाळी ट्रामने एकटीने यावे-जावे, मुलीला शाळेच्या फाटकापाशी घेऊन जावे, तेथे राहणाऱ्या दोन-तीन भारतीय घरांतल्या बायकांशी तिने बोलावे. तुम्ही बोललात तर तुम्हाला पुरुषांना आलेला अनुभव कळेल. कारखान्याच्या जवळ म्हणून शहराबाहेरच्या गावात स्वस्त घर घेण्याचा मोह पहिल्या दोन वर्षांत तरी टाळा.

म्युनिकमध्ये आपली मंडळी पुष्कळ आहेत. तुमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसत असेल तर त्या रविवारी चार घरची माणसे जमत असतील, कोणी रोट करत असेल, कोणी सोमवारी विसर्जनाला दुपारची सुटी काढून येत असेल. लाइपझिगला ही माणसे थोडी असतील, आणि ती शोधून जोडावी लागतील. हे काम कोण करणार, हेही दोघांनी आधी बोलून घ्या. ते एकट्या पत्नीवर सोडायचे नाही.

वडिलांना काय सांगावे? त्यांच्या वाक्यात मला विरोध कमी आणि धास्ती जास्त ऐकू येते. यावलहून पाहिले तर म्युनिक काय आणि लाइपझिग काय, दोन्ही तेवढीच लांब. त्यांना लागून राहिलेली काळजी अशी असते, की पोराचे तिकडे काही बिनसले तर नाही ना, आणि आता येणेजाणे आणखी अवघड तर होणार नाही ना. तेव्हा त्यांना तारखा सांगा: नात चौथी पूर्ण करील, सुनेचा परवाना होईल, मग बिऱ्हाड हलेल. केळी करणाऱ्या माणसाला हंगामाची भाषा लगेच समजते. येण्याजाण्याचा मार्ग थोडा बदलेल हेही खरे सांगा. म्युनिकहून मुंबईचे थेट विमान मिळते, लाइपझिगहून आधी फ्रँकफुर्ट किंवा दुसरे मोठे विमानतळ गाठावे लागेल, आणि मुंबईहून पुढे रात्रीची भुसावळची गाडी आहेच. ते तुमच्याकडे येणार असतील, तर ९० दिवसांच्या व्हिसासाठी लागणारे हमीपत्र यापुढे लाइपझिगच्या कार्यालयातून घ्यावे लागेल.

या पत्राचे उत्तर छापून येईल तेव्हा तुमच्या तीन आठवड्यांपैकी काही दिवस गेलेले असतील, म्हणून ते मी टपालानेही पाठवले आहे. ते पत्नीच्या हाती द्या आणि तिला मोकळेपणाने वाचू द्या. वाचून झाल्यावरही ती ‘मला कुठेही चालेल’ असेच म्हणाली, तर तिला विचारा, ‘तुझ्या परीक्षेची तारीख कधी आहे?’ आणि बोलणे तेथून सुरू करा.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षे कॅनडात टोरांटोजवळ आहे आणि तेथील कायम रहिवासी आहे. आता तो कॅल्गरीला बदलून जातो म्हणतो. आम्ही दोघे सुपर व्हिसावर त्याच्याकडे जाण्याची तयारी करत होतो. गाव बदलल्याने आमचे कागद बाद होतील का? त्याला थांबवावे का?
— एक आई, चोपडा

उत्तर : काकू, कागद बाद होणार नाहीत. सुपर व्हिसा, म्हणजे कॅनडात राहणाऱ्या मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा, मुलाच्या शहरावर अवलंबून नसतो. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा त्यावर मिळते आणि ती देशभर लागू असते. अर्ज आधीच भरला असेल, तर मुलाने नवा पत्ता तेथील इमिग्रेशन खात्याला कळवावा आणि निमंत्रणाच्या पत्रातही तोच पत्ता असू द्यावा. व्हिसासाठी किमान एक वर्षाचा व एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, तो घेताना कॅल्गरीत उपचार घेतले तरी चालतील ना, हे विमा कंपनीला विचारून घ्या.

मुलाचे कामही फारसे अवघड नाही. कॅनडात सरकारी आरोग्य कार्ड प्रांताचे असते. ऑन्टारियो सोडून आल्बर्टात गेल्यावर नवे कार्ड तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून चालू होते आणि तोवर जुने चालते, म्हणून पोचल्याबरोबर त्याने नोंदणी करावी आणि जुने कार्ड फेकून देऊ नये. वाहन परवाना ९० दिवसांत बदलावा लागतो. खरेदीवर ऑन्टारियोत १३ टक्के कर पडतो, आल्बर्टात प्रांताचा वेगळा विक्रीकर नसल्याने केंद्राचा ५ टक्केच पडतो, तेवढा त्याच्या संसाराला हातभार आहे. थंडी मात्र कॅल्गरीची कोरडी आणि कडक असते. तुम्ही गेलात तर मे महिन्यात जा, म्हणजे शरीराला हिवाळ्याआधी चार-पाच महिने मिळतील.

त्याला थांबवू नका. तुम्हाला जाणवेल असा एक बदल मात्र आत्ताच सांगून ठेवते. कॅल्गरीचे घड्याळ टोरांटोपेक्षा दोन तास मागे आहे. तो सकाळी कामावर निघताना फोन करत असेल, तर उन्हाळ्यात तो तुमच्याकडे दिवेलागणीच्या सुमारास येत असेल. यापुढे तोच फोन जेवणे आटोपल्यावर येईल, आणि हिवाळ्यात आणखी एक तास उशिरा. काकांना लवकर निजण्याची सवय असेल, तर रविवारचा फोन कोणत्या वेळी करायचा हे मुलाशी आताच ठरवून घ्या.